भाऊ स्टार झाला, आता ताईनं नोकरी सोडायची का?

पत्र :

मावशी नमस्कार, मी कोल्हापूरचीच, वय 29, शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत अकाउंट्सला आहे. धाकटा भाऊ गातो. आधी आमचा घरचाच छोटा ऑर्केस्ट्रा होता, मी आणि भाऊ गायचो, चुलतभाऊ ऑक्टोपॅडवर, बाबा कीबोर्डवर, बारसं, हळद, गणपती सगळं केलंय. मग त्याचं एक गाणं रील्सवर असं काही चाललं की आता तो मुंबईतच असतो, एका कंपनीबरोबर काम सुरू आहे. नाचतो पण भारी, म्हणून पेठेतली पोरं त्याला कोल्हापूरचा मायकल जॅक्सन म्हणतात. बाबा 1996 ला अंधेरीला मायकल जॅक्सनचा शो बघून आलेले, त्यांना तर स्वर्ग दोन बोटं उरलाय. आता ते म्हणतात नोकरी सोड आणि त्याचं सगळं बघ, बाहेरचे लुटतात, घरचा माणूस पाहिजे. भाऊ पण म्हणतो ताई तूच बघ. पगाराचं कोणी काढत नाही, घरचंच आहे म्हणतात. त्यात काकांनी त्याला न विचारता एका मंडळाची गणपतीची सुपारी घेतली, 51 हजार अ‍ॅडव्हान्स पण घेतलाय, आणि त्याच दिवशी त्याचा पुण्यात शो आहे. अजून एक, हे कुणाला सांगितलं नाही. त्याला स्टेजवर बघितलं की मला पोटात कसंतरी होतं. पहिला सा मी शिकवलाय त्याला. आता मी फक्त त्याची बहीण, स्थळं पण तेवढ्यावरच यायलीत. मी वाईट आहे का? काय करू?

— त्याची ताई

उत्तर :

पोरी, तुझं शेवटचं वाक्य आधी घेते कारण बाकीचं पत्र तू त्या वाक्यापर्यंत यायला लिहिलंयस असं मला वाटलं. वाईट नाहीस तू. एकाच स्टेजवर, एकाच माइकवर, एकाच हळदीत दोघं गायलात आणि त्यातल्या एकाला लोकांनी उचललं, दुसरीला म्हणाले किती नशीबवान बहीण. पोटात होणारच की. तुझं त्याच्यावर प्रेम आहे म्हणून होणार नाही असं नसतं, दोन्ही एकदम असतं, आणि भावाचं वाईट व्हावं असं तुझ्या पत्रात एका ओळीत पण कुठं नाहीये, मी दोनदा वाचलं.

आता तुमच्या घरात मायकल जॅक्सनचंच नाव चालतंय तर त्याच्याच घरचं सांगते, आणि हे तुझ्या बाबांना पण वाचून दाखव, कारण 1 नोव्हेंबर 1996 ला अंधेरीच्या स्पोर्ट्स कॉम्प्लेक्सात जो माणूस त्यांनी बघितला तो पण अशाच भरल्या घरातला. इंडियाना राज्यात गॅरी नावाचं गाव, स्टीलच्या कारखान्यांचं, वडील तिथं क्रेनवर कामाला, दोन खोल्यांत झोपायची सोय असलेलं घर आणि त्यात नऊ पोरं. जॅकी, टिटो, जर्मेन, मार्लन आणि मायकल असे पाच भाऊ मिळून जॅक्सन फाइव्ह, म्हणजे बघ, तुमच्यासारखाच घरचा ऑर्केस्ट्रा. 1969 ला मोटाउन कंपनीकडून त्यांचं पहिलं मोठं गाणं आलं तेव्हा थोरला जॅकी 18 चा होता आणि पुढं उभा राहून गाणारा मायकल 11 चा. थोरल्या भावांनी वर्षानुवर्षं मागं उभं राहून कोरस दिला, गिटार वाजवली, स्टेप्स बसवल्या आणि सगळ्या जगाची नजर त्या अकरा वर्षाच्या पोरावर. टिटोचा स्वतःचा पहिला सोलो अल्बम कधी आला माहितीये? 2016 ला. वय 60 च्या पुढं गेल्यावर. 2024 ला तो वारला. एवढ्या वर्षांत त्याच्या पोटात कधी काही झालं नसेल असं मला नाही वाटत.

पण मला तुला खरं सांगायचंय ते पुढचं. त्या घरात भांडणं कशावरून झाली ते बघ. कोण जास्त चांगलं गातो यावरून फार कमी. कोणाचं काम कोणतं, पैसा कोणाच्या हातात, सही कोणाची आणि नाव कोणाच्या मालकीचं, हे वेळेवर न बोलल्यामुळं जास्त. 1975 ला भावांनी मोटाउन सोडून दुसऱ्या कंपनीत जायचं ठरवलं तेव्हा जर्मेन त्यांच्याबरोबर गेलाच नाही, कारण त्याचं लग्न मोटाउनच्या मालकाच्या, बेरी गॉर्डीच्या मुलीशी झालेलं. एकीकडं सख्खे भाऊ, एकीकडं सासरा. त्याच्या जागी धाकटा रँडी आला. आणि जॅक्सन फाइव्ह हे नाव, जे त्या पोरांनी घाम गाळून मोठं केलं, ते कंपनीकडंच राहिलं, म्हणून त्यांना द जॅक्सन्स असं नवीन नाव घ्यावं लागलं. स्वतःचंच आडनाव असून. (भावाच्या कंपनीच्या करारात त्याचं स्टेजचं नाव, त्याचं यूट्यूब चॅनेल आणि इन्स्टाचं अकाउंट कोणाच्या मालकीचं लिहिलंय ते आजच बघायला सांग, हे मी पुढं विसरेन म्हणून इथंच लिहिते.)

बाबांचं म्हणणं आहे घरचा माणूस पाहिजे. मला त्यांची काळजी कळते, आपल्याकडं कलाकाराला फसवलेलं त्यांनी डोळ्यानं बघितलं असेल, ऑर्केस्ट्रा चालवलेला माणूस आहे. पण जॅक्सनांचा मॅनेजर घरचाच होता की, सख्खा बाप. आणि सगळ्यात धाकटी जॅनेट, तिनं काय केलं? 1986 ला तिचा अल्बम आला त्याच्या आधी तिनं वडिलांना मॅनेजर म्हणून बाजूला केलं, मिनियापोलिसला जाऊन नवीन माणसांबरोबर काम केलं, आणि तिथून ती मायकलची बहीण राहिली नाही, जॅनेट झाली. ब्रिटनी स्पिअर्सचं तर तू ऐकलंच असशील, 2008 पासून 2021 पर्यंत तिच्या पैशापासून औषधापर्यंतचे निर्णय कोर्टाच्या हुकमानं दुसऱ्यांच्या हातात, आणि त्यातली बरीच वर्षं ते हात वडिलांचे. तेही घरचेच. म्हणजे घरचा माणूस म्हटल्यावर सगळं आपोआप सरळ होतं असं काही नाही, उलट घरच्याला हिशोब मागायला जीभ रेटत नाही आणि घरच्याला पगार मागायला पण रेटत नाही, दोन्हीकडून मरण.

म्हणून माझं उत्तर ऐक. नोकरी सोडू नकोस. आत्ता तरी अजिबात नको.

भावाचं काम करायचं असेल तर कर, तुला येतं, तू अकाउंट्सची पोरगी आहेस, त्याला आत्ता नेमकं तेच लागणार आहे आणि मुंबईत ते फुकट मिळत नाही. पण ताई म्हणून नको करू, काम म्हणून कर. सहा महिने संध्याकाळी आणि रविवारी त्याचा हिशोब बघ, त्याचे ठरवून पैसे घे, दर महिन्याला, बँकेतून, बाजारात एखादा अकाउंटंट जेवढं घेईल तेवढेच, जास्त नको न कमी नको. एक साधा कागद करा दोघांच्या सहीचा, त्यात तू काय बघणार, काय नाही बघणार, किती पैसे, आणि दोघांपैकी कोणालाही थांबायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. बाबा म्हणतील बहीण-भावात कागद? तर सांग की बहीण-भाऊ टिकावेत म्हणूनच कागद. सहा महिन्यांनी काम एवढं वाढलं की नोकरी करून जमत नाही, आणि तोपर्यंत तुझे पैसे प्रत्येक महिन्याला न मागता आले असतील, तरच फाउंड्रीत राजीनाम्याचं बोल. पहिल्या तीन महिन्यांतच देतो गं नंतर असं झालं तर तुला तुझं उत्तर मिळालंच.

कामात काय काय येतं ते तुला माहीत असेलच, तरी कलाकाराच्या बाबतीत थोडं वेगळं असतं म्हणून लिहिते. कंपन्या पैसे देताना दहा टक्के टीडीएस कापतात, तो त्याच्या पॅनवर दिसतोय का ते दर तिमाहीला बघ, नाहीतर कापलेलं परत मिळवताना नाकी नऊ येतात. वर्षाची कमाई 20 लाखांच्या वर चालली की जीएसटीची नोंदणी, आणि रोखीत घेतलेली बिदागी पण त्यात धरायची, मंडळांचे पैसे रोखीत येतात म्हणून लोक धरत नाहीत आणि मग अडकतात. शोचे पैसे वेगळे, गाण्याची रॉयल्टी वेगळी, ब्रँडच्या पोस्टचे वेगळे, तीन कप्पे वेगळे ठेव. रॉयल्टीचं तर नीट बघ. 2012 ला कॉपीराइटच्या कायद्यात बदल झाला तेव्हापासून गीतकार, संगीतकार आणि गाणाऱ्याला पण रॉयल्टीचा हक्क आहे, करारात काहीही छापलेलं असू दे. त्यानं गाणी स्वतः लिहिली किंवा चाल लावली असेल तर आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासद व्हायचं, गाणाऱ्यांची संस्था वेगळी आहे, तिथंही नाव घालायचं. आणि ज्या गाण्यानं तो मोठा झाला त्याची चाल कोणी बांधली गं? पत्रात तू लिहिलं नाहीस. जर ती चाल तुमच्या घरात, बाबांच्या कीबोर्डवर, तुम्ही तिघांनी मिळून बांधली असेल तर तिथं तिघांची नावं लागली पाहिजेत. आत्ता, सगळे एकमेकांशी बोलताय तोपर्यंत.

नावाचं मी मुद्दाम जोर देऊन सांगते कारण तिथंच सगळं आहे. अमेरिकेतली गायिका बिली आयलिश आणि तिचा भाऊ फिनियस यांचं बघ. घरातल्या बेडरूममध्ये गाणी केली, ती गाते, तो बसून म्युझिक करतो. 2020 च्या ग्रॅमीत तिनं सगळी मोठी बक्षिसं घेतली, पण प्रोड्युसर ऑफ द इयर त्याला मिळालं, त्याच्या नावानं. तो बिलीचा भाऊ आहे हे सगळ्यांना माहितीये, पण कागदावर त्याचं काम त्याच्या नावासमोर लिहिलंय, त्यामुळं त्याला कुणाच्या सावलीत उभं राहिल्यासारखं वाटायचं कारण नाही. पोटात जे होतं ना तुझ्या, त्याच्यावर एक औषध हे आहे, आणि मला तरी याच्यापेक्षा मोठं माहीत नाही.

आणि एवढं लांब कशाला जायचं, आपल्या कोल्हापुरातच बघ. 1942 ला दीनानाथराव गेले आणि मास्टर विनायकांच्या सिनेमा कंपनीत काम मिळालं म्हणून मंगेशकरांची पोरं इथंच वाढली काही वर्षं, पुढं 1945 ला कंपनी मुंबईला गेली तेव्हा लतादीदी पण गेल्या. पाच भावंडं, थोरलीनं सगळ्यांना ओढलं, आणि त्या थोरलीच्या पाठची मीनाताई. त्यांनी काय केलं, तर लहान मुलांच्या गाण्यांना चाली लावल्या, स्वतःच्या पोरांकडून गाऊन घेतली, आज तुझ्या माझ्या घरातलं कुठलंही पोर चॉकलेटचा बंगला म्हणतं ती चाल मीना खडीकरांची. दीदींसारखं गायचं नाही ठरवलं, आपलं काहीतरी केलं आणि ते तीन पिढ्यांच्या तोंडात आहे. तसेच जयपूर घराण्याचे मोठे गवई अल्लादियाखाँसाहेब यांचे धाकटे भाऊ हैदरखाँसाहेब, गाणं ऐकायला देवल क्लबात जाणाऱ्या एखाद्या म्हाताऱ्याला त्यांचं विचार, तो सांगेल. नाव थोरल्या भावाचं मोठं, पण मोगूबाई कुर्डीकरांसारख्या गायिका हैदरखाँसाहेबांकडंही शिकल्या. पहिला सा शिकवणारा माणूस म्हणजे काय ते गाण्यातल्या लोकांना कळतं, पोरी. तुझ्या भावाला पण कळत असणार. त्यानं कधी मुलाखतीत सांगितलं नसेल तर एकदा त्याला म्हण की सांग. मागून घ्यायला लाज वाटायचं काही कारण नाही, खरं आहे तेच मागतेयस.

आता काका. इथं तू एक गोष्ट अजिबात करायची नाही, ती म्हणजे काकांशी तू बोलणं. काका तुझ्या बाबांचे भाऊ आहेत, ते बाबांनी बोलायचं. तू बोललीस की पाहुण्यांत उद्या हेच होणार की पोरगी पैशाला लागली, भावाच्या जिवावर काकाला बोलती. आणि फॅमिलीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तर कुणीच एक अक्षर टाकायचं नाही. बाबांनी काकांना घेऊन मंडळाच्या अध्यक्षांकडं स्वतः जायचं, फोनवर नाही, आणि स्पष्ट सांगायचं की पोराला विचारलं नव्हतं, त्या तारखेला तो पुण्यात आहे, हे तुमचे 51 हजार. काकांच्या हातात पैसे शिल्लक नसतील (नसतीलच बहुतेक, असं गृहीत धरून चाला) तर भावानं आपल्या खात्यातून मंडळाच्या खात्यावर पाठवायचे, मंडळाची पावती घ्यायची, आणि काकांकडं ते उसने म्हणून लिहून ठेवायचे, फिरतील न फिरतील ते पुढचं. मंडळाला दुसरा कलाकार बघायला वेळ लागतो, गणपतीच्या तोंडावर कोण मिळत नाही, तेव्हा हे या आठवड्यात करा. भावाला जमत असेल तर त्यानं अध्यक्षांना स्वतः एक फोन करावा आणि गणपतीनंतरची एखादी तारीख द्यावी, कमी पैशात का होईना. पेठेतली तालीम आहे, तिथं नाव खराब झालं की मुंबईतल्या लाखो व्ह्यूजनी ते धुऊन निघत नाही.

आणि यापुढं त्याच्या प्रोफाइलवर एकच बुकिंगचा नंबर टाका, खाली लिहा की या नंबरशिवाय कुणी घेतलेली सुपारी आमची नाही. मामा, आत्या, भावकी, शेजारी, सगळ्यांना एकच उत्तर, नंबरवर बोला. हळदीत गाणं म्हण म्हणणाऱ्या पाहुण्यांचं काय करायचं ते भावाला ठरवू दे. घरच्या लग्नात गायचं असेल तर तो गाईल, फुकट गाईल, पण ते त्यानं म्हणायचं, बाकी कुणी त्याच्या वतीनं शब्द द्यायचा नाही, तू पण नाही आणि बाबा पण नाही. हे बाबांना जड जाईल. वर्षानुवर्षं त्यांनीच तारखा घेतल्यात. त्यांना एकटं बसवून सांग, सगळ्यांसमोर नको.

पैशावरून एक शेवटचं. मायकलनं 2002 ला मृत्युपत्र केलं त्यात आई, तीन मुलं आणि दानधर्म एवढंच, भावंडांना काही नाही. 2012 ला काही भावंडांनी ते मृत्युपत्रच खोटं आहे म्हणून जाहीर पत्र काढलं, घर फुटायची वेळ आली. आणि त्याच वर्षी कोर्टानं त्या तीन मुलांची जबाबदारी आजीच्या जोडीला कोणाला दिली, तर टी.जे.ला, टिटोच्या मुलाला, म्हणजे चुलतभावाला. त्याला कुणी स्टार म्हणत नव्हतं, पण मुलांचा जीव होता त्याच्यावर. तुझा जो चुलतभाऊ ऑक्टोपॅडवर होता त्याचं पत्रात पुढं काहीच नाही. तो कुठंय? भाऊ मुंबईला गेल्यावर त्याचं काम कसं चाललंय, त्याला कुणी विचारलं का? तुझ्या पोटात जे होतंय ते त्याच्या पण होत असेल आणि त्याला तर कुणी नशीबवान पण म्हणत नसेल. एकदा त्याला घेऊन रंकाळ्यावर जा, बोला.

तुझ्या गाण्याबद्दल तू एक ओळ पण लिहिली नाहीस हे माझ्या लक्षात आलंय. सोडलंस का? जॅक्सनांची सगळ्यात थोरली, रेबी, तिनं 1968 ला लग्न केलं, वडिलांना पसंत नसताना, आणि लांब जाऊन संसार केला. तिचा पहिला अल्बम 1984 ला आला, पोरंबाळं झाल्यावर, त्यातलं मुख्य गाणं मायकलनं लिहून दिलेलं. उशीर झाला म्हणून ती थांबली नाही आणि धाकट्या भावाकडून गाणं घ्यायला तिला कमीपणा पण वाटला नाही. तू भावाला सांग, पगार तर देच, पण वर्षातून एक गाणं माझ्याबरोबर कर. तो नाही म्हणणार नाही असं मला तुझ्या पत्रावरून वाटतं. आणि तोपर्यंत आठवड्यातून दोन संध्याकाळी हार्मोनियम काढ, कुणाला ऐकवायला नाही, गळा बसतो गं नाहीतर.

स्थळांचं सोप्पं आहे. जो पोरगा किंवा ज्याची आई पहिल्या दहा मिनिटांत भावाचा विषय काढेल, सेल्फी कधी मिळेल विचारेल, तिथं चहा-पोहे झाले की उठायचं. जो तुला फाउंड्रीत नेमकं काय काम असतं विचारेल त्याच्याशी अजून एकदा बोल. पाहुण्यांना आधीच कळव की लग्नात भाऊ स्टेजवर गाणार नाही, तो करवल्यांबरोबर असेल. निम्मी स्थळं तिथंच गळतील.

आधी काकांचं उरका. मग भावाला कागदासाठी कोल्हापूरला बोलाव, फोनवर नको, आणि त्या दिवशी फाउंड्रीतून सुट्टी घे. मला परत लिही, चालीचं काय ते पण सांग.

— मावशी